बैठकीचे दालन आणि महोत्सवाचा मंडप : शास्त्रीय गायकांच्या कारकिर्दीसंबंधी काही विचार

प्रस्तावना

कामोठे ही सिडकोने विकसित केलेली नवी मुंबईतील एक वसाहत. येथील मानसरोवर स्थानकातून हार्बर मार्गाने निघालेला संगीताचा विद्यार्थी काही स्थानकांनंतर वाशीला उतरतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू तेथे आहे. 'प्रारंभिक'पासून 'विशारद' आणि पुढे 'अलंकार'पर्यंत मंडळाच्या परीक्षांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. गावोगावचे असंख्य विद्यार्थी त्या चढत असतात. या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मनात 'मोठा गायक' या शब्दांचे एक चित्रही ठरलेले असते. ते चित्र बहुधा पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या भव्य मंडपाचे असते. समोर हजारो श्रोते, मागे दोन तानपुरे आणि मध्यभागी स्वरमग्न कलावंत.

एका टोकाला परीक्षेचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्या टोकाला महोत्सवाचा मंच, अशी ही दोन टोके आहेत. त्यांच्यामधल्या प्रदेशाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. गायक त्या मंचापर्यंत कसा पोहोचतो? पोहोचेपर्यंतची दहा-वीस वर्षे त्याचा चरितार्थ कशावर चालतो? त्याची कला कोठे आणि कोणासमोर घडते? महोत्सवावरील मराठी लेखन पुष्कळ आहे. त्यात कोणी कोणता राग गायला, मैफल किती रंगली, याचे रसाळ वर्णन आढळते. या प्रश्नांचा विचार त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखात सवाई गंधर्व महोत्सव व त्याच्याशी निगडित काही कलावंतांच्या कारकिर्दी यांच्या आधारे हा मधला प्रदेश तपासण्याचा प्रयत्न केला आहे. महोत्सव हा कारकिर्दीचा कळस आहे, पाया नव्हे, आणि पाया घालणारी 'दालने' आज विरळ होत चालली आहेत, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

दालनातील संगीत : संज्ञा आणि परंपरा

पाश्चात्त्य संगीतात 'चेंबर म्युझिक' ही स्वतंत्र संज्ञा आहे. मोजक्या वादकांनी, मोजक्या श्रोत्यांसमोर, एखाद्या दालनात सादर करावयाचे संगीत असा तिचा मूळ अर्थ. मुंबईला ही परंपरा अपरिचित नव्हती. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरच बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही उभारले. मात्र त्यांना पुढील कारकिर्दीसाठी प्रथम इंग्लंडला आणि नंतर अमेरिकेला जावे लागले. तेथे फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्यांनी वादन केले आणि लॉस एंजेलिस येथे १९६४ मध्ये तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा केला. चार वाद्यांच्या संगीतावर जगण्यास आवश्यक असलेली व्यवस्था त्यांना मुंबईत लाभली नाही.

हिंदुस्थानी संगीताला अशी वेगळी संज्ञा करावी लागली नाही, कारण ते मुळातच दालनातले संगीत होते. 'बैठक' या शब्दातच त्याचे सारे स्वरूप सामावले आहे. गायक आणि श्रोते एकाच जाजमावर बसतात. ध्वनिवर्धक नसतो. श्रोत्याची दाद गायकाच्या कानापर्यंत पोहोचते आणि श्रोत्याचे मौनही पोहोचते. बडा ख्याल विलंबित लयीत हळूहळू उलगडत जाणे, एखाद्या स्वराभोवती रेंगाळणे, निम्न स्वरात केलेली बारीक हरकत यांना अर्थ लाभतो तो या सान्निध्यामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबाराबाहेरची दालने उभी राहिली. मुंबईत १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी, पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज, कोल्हापुरात १८८३ मध्ये देवल क्लब अशा संस्था निघाल्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संगीत तिकीट लावून सर्वांसमोर सादर व्हावे, हा विचारही त्यांनी नेटाने रुजविला. महोत्सवाचे बीज या विचारात आहे. तथापि पलुस्करांनी जाहीर कार्यक्रम आणि विद्यालय या दोन्हींचा एकत्र विचार केला होता. पुढील काळात कार्यक्रम वाढले आणि विद्यालये परीक्षांकडे वळली. या दोहोंना जोडणारा दुवा क्षीण झाला.

स्मृतिसमारोहातून महोत्सव

रामचंद्र गणेश कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. त्यांच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोह सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही त्याची आयोजक संस्था. गुरूंचे जामात डॉ. नानासाहेब देशपांडे आणि शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी या समारोहाला आकार दिला. आरंभी त्याचे स्वरूप घरगुती होते. गुरूचे स्मरण आणि गुरुबंधू-भगिनींचे गायन एवढाच त्याचा हेतू होता. पुढे तो रात्रभर चालणारा, मैदानात मंडप घालून भरणारा, हजारो श्रोत्यांचा उत्सव बनला. भीमसेन जोशी यांचे २४ जानेवारी २०११ रोजी निधन झाले. त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचेही नाव गुंफले गेले.

या महोत्सवाची समाप्ती सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. हजारो श्रोते अवघ्या काही मिनिटांची ती जुनी मुद्रिका शांतपणे ऐकतात. ही प्रथा केवळ भावनिक नाही. ज्याच्या नावाने हा महोत्सव भरतो त्या कलावंताची कारकीर्द अशा मंचावर घडलीच नव्हती, याचे ते दरवर्षीचे स्मरण आहे. सवाई गंधर्व नाटक मंडळीत गायले, त्यांनी स्त्री-भूमिका केल्या, बैठकी केल्या, मोजक्या ध्वनिमुद्रिका दिल्या आणि घरी बसून शिष्य घडविले. महोत्सव त्यांच्या पश्चात आला.

चार कारकिर्दी

महोत्सवामुळे कलावंत घडतो की घडलेला कलावंत महोत्सवात दिसतो, हा प्रश्न प्रत्यक्ष उदाहरणांवरून तपासणे इष्ट ठरेल.

पहिले उदाहरण पं. भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचे. वयाच्या अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले. ग्वाल्हेर, जालंधर अशी भ्रमंती करून ते परतले आणि १९३६ च्या सुमारास सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला राहिले. घरची कामे करीत त्यांनी तालीम घेतली. १९४२ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९४३ मध्ये ते मुंबईला येऊन आकाशवाणीवर गाऊ लागले. जानेवारी १९४६ मध्ये गुरूंच्या षष्ट्यब्दीनिमित्त पुण्यात झालेल्या त्यांच्या गायनाने जाणकारांचे लक्ष वेधले. म्हणजे १९५३ चा समारोह सुरू झाला तेव्हा त्यांच्या मागे वीस वर्षांची वाटचाल होती. पुढे 'संतवाणी'च्या कार्यक्रमांनी त्यांना शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या घरांतही नेले. भीमसेनांनी महोत्सव घडविला. महोत्सवाने भीमसेन घडविले, असे म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचे. त्यांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीत गात. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये बालवयातील गंगूबाईंनी स्वागतगीत गायले होते. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नाव 'गांधारी' असे छापले गेले. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. संसाराचा भार, आर्थिक ओढाताण आणि जन्मजातीवरून होणारी अवहेलना हे सारे सोसून त्यांनी गाणे टिकविले. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज बदलला, तेव्हा त्या बदललेल्या आवाजाचीच त्यांनी स्वतंत्र गायकी केली. २००२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. समारोहाच्या मंचावर त्यांना जो मान लाभला तो निर्विवाद होता. पण त्या मानाच्या मागे हुबळी-कुंदगोळ या छोट्या लोहमार्गावरील असंख्य फेऱ्या होत्या.

तिसरे उदाहरण पं. फिरोज दस्तूर (१९१९–२००८) यांचे. पारशी कुटुंबात जन्मलेल्या दस्तुरांनी बालवयात वाडिया मूव्हीटोनच्या 'लाल-ए-यमन' (१९३३) या चित्रपटात गायक-अभिनेता म्हणून काम केले. बोलपटाचा झगमगाट सोडून ते सवाई गंधर्वांच्या तालमीकडे वळले आणि पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. अब्दुल करीम खाँ यांच्या वळणाचा त्यांचा सूर ऐकण्यासाठी सवाईचे श्रोते वर्षभर वाट पाहत. अनेक श्रोत्यांना ते वर्षातून एकदाच, त्या मंचावर दिसत. त्यांची उरलेली वर्षे अध्यापनाची आणि तालमीची होती.

चौथे उदाहरण किराणा परंपरेबाहेरचे, पं. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांचे. नीळकंठबुवा आलूरमठ, त्यानंतर मंजी खाँ आणि मंजी खाँच्या १९३७ मधील निधनानंतर भूर्जी खाँ अशी त्यांची तालीम झाली. उपजीविकेसाठी त्यांनी नाटक मंडळीत, ग्रामोफोन कंपनीत आणि धारवाड आकाशवाणीत काम केले. देशभर त्यांचे नाव गाजले ते साठीच्या आसपास. महोत्सवांच्या मंचांनी त्यांना हात दिला तेव्हा त्यांच्या गळ्यात जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट राग पूर्णपणे मुरलेले होते.

या चारही कारकिर्दींत एक समान सूत्र दिसते. प्रत्येकाला किमान पंधरा-वीस वर्षे कोणीतरी सांभाळले आहे. कोणाला नाटक मंडळीने, कोणाला ग्रामोफोनने, कोणाला आकाशवाणीने, कोणाला विद्यापीठाने आणि सर्वांना गुरुगृहाने व लहान बैठकींनी सांभाळले. या आधारांपैकी नाटक मंडळी १९३० नंतर बोलपटाच्या आघाताने कोसळल्या. आकाशवाणीने त्यांची जागा काही प्रमाणात भरून काढली. १९५२ मध्ये तिचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. श्रेणीची पद्धत आली आणि गायकाच्या नावामागे 'आकाशवाणी मान्यताप्राप्त' ही उपाधी लागू लागली. त्या उपाधीची चेष्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. नियमित प्रसारण, त्याचे ठराविक मानधन आणि काही जणांना मिळालेली नोकरी यांच्या आधारावर अनेक कलावंतांना रियाज करता आला.

बैठकीची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून बैठक म्हणजे सुवर्णयुग आणि महोत्सव म्हणजे ऱ्हास, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो एकांगी ठरेल. बैठकीचे दालन कोणाचे होते, हा प्रश्न टाळता येत नाही. ते धनिकाचे, सरदाराचे किंवा संस्थानिकाचे होते. बिदागी यजमानाच्या मर्जीवर अवलंबून असे आणि आमंत्रणही त्याच्याच मर्जीवर. सामान्य श्रोत्याला तेथे प्रवेश नव्हता.

स्त्री-कलावंतांच्या बाबतीत ही विषमता अधिक तीव्र होती. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची कारकीर्द नाटक मंडळीतून सुरू झाली. सांगलीत अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिकविण्यास आरंभ केला. पतीच्या निधनानंतर मुलांचा सांभाळ त्यांनी गाण्यावर केला. दौऱ्यावर आपल्या आईला मिळणाऱ्या वागणुकीविषयी किशोरी आमोणकर यांनी मुलाखतींतून तीव्र शब्दांत सांगितले आहे. प्रवासाची हलकी व्यवस्था, उतरण्याच्या जागेची हेळसांड, कलेची वाहवा आणि कलावंतिणीची उपेक्षा असे त्या अनुभवांचे स्वरूप होते. किशोरीताई मंचावर शांततेचा, व्यवस्थेचा आणि सन्मानाचा जो कठोर आग्रह धरीत, त्याला अनेकांनी 'लहरीपणा' म्हटले. आईच्या पिढीने सोसलेल्या अवमानाचे ते उत्तर होते, असे मानल्यास त्या आग्रहाचा अर्थ अधिक नीट लागतो.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी बैठकीच्या व्यवस्थेला आपल्या अटी मान्य करावयास लावल्या. ध्वनिवर्धकावर गाणे त्यांना मान्य नव्हते. आकाशवाणीपासूनही त्या दूर राहिल्या. बिदागीबाबत त्यांनी तडजोड केली नाही. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत त्यांची भैरवी समाविष्ट झाली, तरी त्यांचे खरे गाणे मोजक्या दालनांत उमलले आणि तेथेच विरले. केसरबाईंचा बाणेदारपणा आदरास पात्र आहे. पण त्याची किंमत त्यांना ऐकू न शकलेल्या सामान्य रसिकांनी मोजली, हेही तितकेच खरे.

महोत्सवाने ही कोंडी फोडली. तिकीट काढणारा कोणीही श्रोता मंडपात बसू शकला. गायिकेचे नाव गायकाच्या बरोबरीने कार्यक्रमपत्रिकेवर छापले गेले. मानधन यजमानाच्या लहरीवर न राहता संस्थेच्या व्यवहारात आले. गंगूबाईंना पुण्यात लाभलेला सन्मान हा त्या अर्थाने सामाजिक घटनाही होता. महोत्सवाचे हे श्रेय नाकारणारी कोणतीही मांडणी अपुरी ठरेल.

रात्रीचे राग आणि वेळेचा नियम

महोत्सवाने काही गमावलेही आहे. त्यातील सर्वांत ठळक बाब म्हणजे रात्र. जुन्या सवाईच्या आठवणी रात्रभराच्या आहेत. थंडीतील शाली, मध्यरात्रीचा चहा, उत्तररात्रीचे राग आणि पहाटेच्या ललत-भटियारानंतर उजाडणे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागेत ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी आली. वर्षातील मर्यादित दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला मिळाला. नागरिकांच्या झोपेच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. त्याचा परिणाम म्हणून महोत्सव दुपारी सुरू होऊन रात्री आटोपू लागला आणि रात्रींऐवजी दिवस वाढले.

संगीताच्या दृष्टीने याचा परिणाम दूरगामी आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना समयाची चौकट आहे. दुपारी ते रात्री दहा ही खिडकी उघडी राहिली म्हणजे मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा, यमन यांना पुन्हा पुन्हा संधी मिळते. मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मात्र मंचावरून हळूहळू दूर होतात. तरुण गायक जे राग मंचावर गायचे नाहीत, त्यांच्यावर वर्षानुवर्षे मेहनत घेईलच असे नाही. अशा रीतीने एखाद्या प्रशासकीय नियमाचा परिणाम गायकाच्या तालमीपर्यंत पोहोचतो.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. हाच नियम सभागृहे, सामुदायिक सभागृहे यांसारख्या बंदिस्त जागांना वगळतो. ध्वनिवर्धकाशिवाय चार भिंतींच्या आत होणाऱ्या बैठकीला तर तो लागूच होत नाही. उत्तररात्रीचे राग मंडपात राहिले नाहीत, तरी दालनात राहू शकतात. बैठकीचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ गतकाळाची ओढ, असा आक्षेप घेतला जातो. त्याला हे ठोस उत्तर आहे. रागसंगीताचा एक मोठा भाग आज दालनातच जिवंत राहू शकतो.

साथीदारांचा प्रश्न

कारकिर्दीचा विचार मुख्य कलावंतापाशी थांबणे योग्य नव्हे. मंचावर त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्यांच्याही कारकिर्दी असतात. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. हार्मोनियमचे ठरलेले स्वर श्रुतींना न्याय देत नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद सैद्धांतिक होता. व्यवहारात मात्र एका संपूर्ण वादकवर्गासाठी तीन दशके आकाशवाणीचे दार बंद राहिले. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी हार्मोनियमला साथीच्या वाद्यांत जे स्थान मिळवून दिले, ते बैठकीत आणि मैफलीत. गायकाच्या श्वासाचा अंदाज घेऊन, त्याची जागा सुटू न देता आणि त्याच्या पुढेही न जाता वाजविणे, हे कौशल्य समोरासमोरच्या सान्निध्यातच येते.

तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्याची गोष्टही अशीच आहे. महोत्सवात गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य श्रोत्यांना क्वचितच आठवतो. प्रत्यक्षात ती त्याची वर्गखोली असते. गुरू श्रोत्यांचा अंदाज कसा घेतात, राग कोठे थांबवितात, बिघडलेली मैफल कशी सावरतात, हे त्याला तेथे दिसते. परंतु वर्षातून चार-सहा महोत्सवांत तानपुरा धरून हे शिक्षण पुरे होत नाही. त्याला स्वतःला चुकण्यासाठी जागा हवी असते. दहा हजार श्रोत्यांसमोर चुकता येत नाही. तीस श्रोत्यांसमोर चुकता येते, आणि त्यांतील दोन जाणकारांनी ती चूक दाखवून दिली तर सुधारताही येते.

आजची स्थिती

आजच्या गायकाला तंत्रज्ञानाने अनेक सोयी दिल्या आहेत. घराणेदार तालमीचे दुर्मिळ ध्वनिमुद्रण त्याला क्षणार्धात ऐकता येते. परंतु चरितार्थाचा प्रश्न सुटलेला नाही. पं. भीमसेन जोशी यांचे शिष्य आनंद भाटे यांनी संगणक अभियंता म्हणून व्यवसाय सांभाळत गाणे जोपासले. 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचे उदाहरण कौतुकास्पद आहे. मात्र नाटक मंडळी आणि आकाशवाणी यांची जागा आता कलावंताच्या स्वतःच्या दुसऱ्या व्यवसायाने घेतली आहे, हेही त्यातून दिसते. ज्याच्याकडे असा व्यवसाय नाही, त्याने रियाजाची वर्षे कशी काढावीत, या प्रश्नाला सध्याच्या व्यवस्थेकडे समाधानकारक उत्तर नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सवाई महोत्सव होऊ शकला नाही आणि सर्वत्र मंच बंद झाले. केवळ मंचावर उभी असलेली कारकीर्द किती नाजूक असते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील व्हरमॉन्ट राज्यात १९५१ मध्ये मार्लबरो येथे दालनसंगीताचा महोत्सव सुरू झाला. पियानोवादक रुडॉल्फ सर्किन हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. तेथे उन्हाळ्यात कित्येक आठवडे ज्येष्ठ आणि तरुण वादक एकत्र राहून रचनांची तयारी करतात. जी रचना तयार झाली तीच श्रोत्यांपुढे येते, आणि त्यामुळे कार्यक्रम फार आधी जाहीर केला जात नाही. तयारी हा महोत्सवाचा गाभा आणि सादरीकरण हे त्याचे फळ, अशी ही रचना आहे. आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. गुरुगृहाची रीत तीच होती. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेतही लहानथोर कलावंत सेवाभावाने गातात. तेथे गाण्याचे मोल मानधनात मोजले जात नाही. फरक इतकाच की मार्लबरोने गुरुगृह आणि महोत्सव एका छताखाली ठेवले, आणि आपल्याकडे ती छते वेगळी झाली.

यावरून महोत्सवाचे मूल्यमापन करण्याची एक वेगळी कसोटी सुचते. किती श्रोते आले, किती नामवंत गायले, ही कसोटी अपुरी आहे. त्या महोत्सवाच्या आधाराने वर्षभरात किती लहान बैठकी झाल्या, किती तरुणांना दोन तास सलग गाता आले आणि किती ज्येष्ठांनी त्यांना ऐकून चार शब्द सांगितले, ही कसोटी अधिक खरी आहे. महोत्सवाच्या मंचावर नवोदितास मिळणारी अर्ध्या-पाऊण तासाची संधी मोलाची असते. पण त्या वेळेत बडा ख्याल मांडण्याऐवजी प्रभाव पाडण्याकडे कल झुकतो. द्रुत तानांना टाळी लवकर मिळते आणि टाळी मिळेल तसे गाणे वळत जाते. हा दोष त्या तरुणाचा नाही. त्याला त्याआधी निवांतपणे गाण्याची जागा मिळालेली नसते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की सवाई गंधर्व महोत्सवाशी निगडित मोठ्या कारकिर्दी महोत्सवापूर्वी आणि महोत्सवाबाहेर घडल्या. गुरुगृह, नाटक मंडळी, ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, अध्यापन आणि लहान बैठकी हे त्यांचे आधार होते. दुसरा असा की बैठकीची जुनी व्यवस्था विषम होती. तिच्यातील अन्याय दूर करून कलावंतांना, विशेषतः स्त्री-कलावंतांना, सार्वजनिक प्रतिष्ठा देण्याचे कार्य महोत्सवांनी केले. तिसरा असा की समयाची मर्यादा, मंडपाचा आकार आणि अल्प अवधी यांमुळे रागसंगीताचा काही भाग महोत्सवात मावत नाही. तो सांभाळण्यासाठी दालनाची गरज आहे. मंडप आणि दालन हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. मंडप कलावंताला समाज देतो, दालन त्याला गाणे देते.

हे दालन पुन्हा राजवाड्यात किंवा सावकाराच्या माडीवर शोधण्याचे कारण नाही. कामोठ्यासारख्या नव्या वसाहतीत ते गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात असू शकते, महाविद्यालयाच्या वर्गात असू शकते किंवा एखाद्या रसिकाच्या दिवाणखान्यातही असू शकते. एक जाजम, दोन तानपुरे, तबला-पेटीची साथ, तीस-चाळीस श्रोते आणि साथीदारांसह सर्वांना ठरलेले व वेळेवर दिलेले मानधन एवढीच त्याची गरज आहे. अशी बैठक महिन्यातून एकदा नियमाने झाली, तर वाशीहून 'विशारद' होऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्याच्या मंडपाचे स्वप्न पाहण्यापूर्वी गाण्याची एक जागा मिळेल. महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी वार्षिक स्नेहसंमेलनातील एका दिवसाइतकाच या मासिक बैठकीचा विचार केला, तर शास्त्रीय संगीताच्या भवितव्याविषयी व्यक्त होणाऱ्या चिंतेला कृतीचे थोडे अधिष्ठान लाभेल.